पार्टनर, साखर आणि सात पायऱ्या

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी हा माझा 'थर्ड लँग्वेज' छाप विषय होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण गोष्ट खानदेशातली आणि ज्याच्यामुळे घडली तो पार्टनरही तिकडचाच. म्हटलं, हे इंग्लिश सेक्शनमध्ये दिलं तर आप्पा वाचणार कसे? म्हणून मराठीतच लिहायला घेतलं.

आपल्या हॉस्टेलमध्ये रूममेटला कुणी रूममेट म्हणत नाही, पार्टनर म्हणतात. बादली, टॉवेल, असाइनमेंट आणि रात्री दोनची मॅगी, सगळ्यात ज्याची पार्टनरशिप तो पार्टनर. माझा पार्टनर पुरुषोत्तमनगरचा. नंदुरबार जिल्हा, तालुका शहादा. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव आणि नाव कारखान्याचे संस्थापक पी. के. अण्णा पाटील यांच्यावरून, असं आप्पांनी (म्हणजे पार्टनरच्या वडिलांनी) मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. शेवटचा पेपर टाकला, सॅक भरली, रेल्वेने नंदुरबार, तिथून एस.टी.ने शहादा आणि मग पुरुषोत्तमनगर. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मी मुंबईचा. उन्हाळा म्हणजे काय हे मला माहीत आहे अशी माझी समजूत होती.

तिसऱ्याच दिवशी आम्ही तोरणमाळला पायी चढायचं ठरवलं. त्या दिवसातून मी जे शिकलो, ते थर्मोडायनॅमिक्सच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण कुठे ना कुठे भटकणार, म्हणून ते सगळं समजावून सांगायचा हा प्रयत्न.

तोरणमाळ थंड का?

शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर. म्हसावद, राणीपूर करत रस्ता सातपुड्यात शिरतो आणि शेवटी येतो सात पायरीचा घाट. वरून बघितलं तर रस्त्याची सात वळणं पायऱ्यांसारखी एकाखाली एक दिसतात, म्हणून हे नाव. माथ्यावर पठार, पठारावर यशवंत तलाव, जवळच गोरक्षनाथांचं मंदिर आणि थोडं पुढे सीता खाईची खोल दरी. तोरण नावाची पांढरी, गोडसर फळं देणारी झुडपं इथे खूप, त्यावरून तोरणमाळ नाव पडलं असं म्हणतात. ही फळं उन्हाळ्यातच पिकतात. आम्ही खाल्ली, मस्त लागतात.

तोरणमाळची उंची सुमारे ११५० मीटर आणि शहाद्याचा परिसर दीडशे मीटरच्या आत. म्हणजे फरक झाला हजार मीटरचा. हवा वर जाते तेव्हा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते. सरासरी वातावरणाचा आकडा ६.५ अंश आहे, पण मे महिन्याच्या दुपारी सातपुड्यातली हवा इतकी कोरडी असते की दुपारचा फरक दहाच्याच जवळ जातो. थोडक्यात, खाली ४३ असेल तर वर ३४-३५.

हे वाचून कुणालाही वाटेल, वा, मजा आहे! आम्हालाही तसंच वाटलं. पण याच आकड्याची दुसरी बाजू आमच्या लक्षात आली नाही. इतर ट्रेकमध्ये चढताना त्रास होतो आणि उतरताना आराम. उन्हाळ्यातल्या तोरणमाळला हा हिशोब उलटा होतो. सकाळी चढलात तर तुम्ही गारव्याकडे जाता आणि दुपारी उतरलात तर भट्टीत. पाय म्हणतात उतार आहे, सोपं आहे. आणि दर शंभर मीटरला तापमान एकेक अंशाने चढत असतं.

आमचा प्लॅन काय होता? पहाटे आप्पांच्या मोटरसायकलवर घाटाच्या पायथ्याशी जायचं, गाडी ओळखीच्या घरासमोर लावायची, पायी चढायचं, तलाव-मंदिर-खाई बघायची आणि जेवायला परत घरी. "उतारच तर आहे, काय लागतंय!" हे वाक्य माझं.

शरीराचा हिशोब

निघताना आप्पांनी दोन गोष्टी सॅकमध्ये कोंबल्या. एक मोठा पांढरा रुमाल आणि दुसरी कागदाची पुडी. पुडीत साखर आणि मीठ. मी हसलो. म्हटलं, "आप्पा, साखर कारखान्याच्या गावातून साखरच नेऊ का?" आप्पा एवढंच बोलले, "राहू द्या भाऊ. वजन काय तिचं?"

आता जरा गणित करू. घाबरू नका, फर्स्ट इयरच्या लेव्हलचं आहे.

साठ-सत्तर किलोचा माणूस घाट चढतो तेव्हा त्याच्या शरीरात साधारण ४०० ते ५०० वॉट उष्णता तयार होते, कारण आपले स्नायू जेमतेम २०-२५ टक्के एफिशियंट. उरलेली सगळी एनर्जी उष्णता होऊन बाहेर पडते. डोक्यावरचं ऊन आणखी शंभर-दीडशे वॉट टाकतं. बेरीज झाली ६०० वॉटच्या आसपास. गेल्या वर्षी रेक्टर सरांनी आमच्या रूममधून जप्त केलेला पाणी तापवायचा रॉड हजार वॉटचा होता. म्हणजे अर्ध्याहून मोठा रॉड पोटात घेऊन आपण चालत असतो!

ही उष्णता जाणार कुठे? त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर थोडी उष्णता हवेत जाते. पण हवा ४० झाली की प्रवाह उलटा. वारासुद्धा आपल्याला तापवतो. अशा वेळी शर्ट काढून टाकणं हा मूर्खपणा आणि रुमालाने डोकं-मान झाकणं हे शहाणपण. खानदेशात उन्हात निघालेला माणूस इतका गुंडाळून का घेतो, ते मला तेव्हा कळलं.

मग एकच रस्ता उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर म्हणजे जवळजवळ ६७० वॉटचं कूलिंग. वरच्या ६०० वॉटच्या बेरजेशी ताडून बघा. हिशोब बसतो, पण जेमतेम. आणि त्यासाठी दर तासाला एक लिटर पाणी शरीरातून जातं. आपलं आतडं तासाला फार तर एक लिटरच्या आसपास पाणी आत घेऊ शकतं. म्हणजे एकदा मागे पडलात की चालता चालता भरपाई होणं कठीण.

इथेच मुंबईकर फसतो. मुंबईत घाम दिसतो. शर्ट चिकटतो, कपाळावरून धारा लागतात आणि आपण आपोआप पाणी मागतो. खानदेशच्या कोरड्या हवेत घाम आला की लगेच उडून जातो. शर्ट कोरडा. मी चढताना दोन वेळा पार्टनरला म्हणालो, "अरे, मला घामच येत नाहीये, क्लायमेट मस्त आहे!" वर पोहोचल्यावर बघतो तर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले.

शिवाय शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पार्टनरची ही सवय जन्माची. माझा तिसरा दिवस.

तिसऱ्या वळणावरची वायवा

चढाई छान झाली. साडेपाचला उजाडताना निघालो होतो, वारा गार होता. सागाची झाडं निष्पर्ण, सगळा डोंगर तपकिरी, मधेच एखादा मोह नवीन पालवीने चमकतोय. डोक्यावर बोजा घेतलेल्या काही बायका आमच्या शेजारून, न थांबता, सहज वर निघून गेल्या. त्यांचं चालणं सकाळी आठच्या आत संपणार होतं. आमचं नाही. तलावाकाठी पोहे-चहा, मंदिर, सीता खाईच्या काठावर फोटो. खाईतला धबधबा पावसाळ्यातला. मेमध्ये नुसते कोरडे कडे, पण खोली बघून पोटात गोळा येतो. या सगळ्यात साडेअकरा वाजले. आणि आम्ही उतरायला लागलो.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. शहाद्याचं अक्षांश साधारण साडेएकवीस, तोरणमाळचं त्याहून किंचित जास्त. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथे जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. डोंगराच्या भिंतीची सावली नाही, खांबाची नाही, स्वतःचीही नाही. साग तर पानं गाळून बसलेला. सावली म्हणून जी काही असते ती आंब्या-मोहासारख्या पानं धरलेल्या झाडाखालीच.

दुसरं वळण संपेपर्यंत मी बोलत होतो. मग गप्प झालो. मला ते कळलं नाही, पार्टनरला कळलं. डोकं ठणकायला लागलं होतं. पार्टनर पाण्याची बाटली पुढे करत होता आणि मला त्याचा राग येत होता. खरंच राग! "मला काही झालेलं नाही, तू चल" असं मी तीन वेळा म्हणालो. तिसऱ्या वळणावर मी रस्ता सोडून सरळ उताराने खाली जायचा शॉर्टकट सुचवला. शॉर्टकट म्हणजे काय, घसरणीचा कडा होता.

पार्टनर थांबला. माझ्यासमोर उभा राहिला आणि विचारलं, "पार्टनर, ओहमचा नियम सांग."

मी म्हणालो, "काय फालतूपणा आहे?"

"सांग ना."

मला आठवेना. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी मी, आणि ओहमचा नियम आठवेना. करंट आठवला, रेझिस्टन्स आठवला, पण कशाला कशाने गुणायचं ते काही जुळेना. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे, मला त्याची भीतीच वाटली नाही.

पार्टनरने दंड धरून मला एका आंब्याखाली बसवलं. बूट काढले, शर्टाची बटणं सोडली, आप्पांचा रुमाल ओला करून मानेवर, काखेत फिरवला आणि टोपीने वारा घातला. मग पुडी फोडली. एक लिटरच्या बाटलीत साखर-मीठ टाकून हलवलं आणि घोट-घोट पाजत राहिला. पाऊण तासाने मी स्वतःहून म्हणालो, "व्ही इज इक्वल टू आय आर." तो म्हणाला, "पास."

आम्ही त्या आंब्याखाली पाच वाजेपर्यंत बसून राहिलो. मेअखेरीस सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर होता. संध्याकाळी सावकाश उतरलो. घरी पोहोचायला रात्र झाली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी ताक दिलं आणि मग बोलणी. आप्पा काहीच बोलले नाहीत. पुडी परत आली नाही हे मात्र त्यांनी बघितलं असणार.

साखर आणि मीठ पार्टनर असतात

मला झालं ते हीट एक्झॉशन, कदाचित त्याच्या पुढच्या पायरीच्या उंबरठ्यावर. पुढची पायरी म्हणजे उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं, मेंदू गोंधळतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. यासाठी फार वेळ लागत नाही. सत्तर किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण २४५ किलोज्यूल लागतात. कूलिंग फक्त २०० वॉटने कमी पडलं तर एक अंश वाढायला वीस मिनिटं पुरतात. ३७ वरून ४० वर? एक तास. सबमिशनची फाईल लिहायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आणि ती साखर? मला वाटायचं साखर 'एनर्जी'साठी. तसं नाही. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. आतड्याच्या पेशींवर एक दार असतं, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात, आणि ते आत आले की मागोमाग पाणी खेचलं जातं. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपायला आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओ.आर.एस. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरगुती प्रमाण सोपं आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवायचं नाही. नुसतं पाणी लिटरवारी ढोसणंही धोक्याचंच, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. सगळ्यात सोपं म्हणजे औषधाच्या दुकानातली ओ.आर.एस.ची पाकिटं सॅकमध्ये कायम ठेवायची.

जोडीने चालण्याचे नियम

आता मुद्द्याचं. मला त्या दिवशी स्टॅमिना कमी पडला नाही, पाणीही होतं. कमी पडली ती अक्कल, कारण उष्णता वाढली की सगळ्यात आधी मेंदूच्या निर्णयाची गडबड होते. ज्याला त्रास होतोय त्यालाच त्रास कळत नाही. म्हणून स्वतःचा थर्मामीटर स्वतः होता येत नाही. तो पार्टनरनेच व्हायचं. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवलेले नियम असे:

१. "परत फिरू" किंवा "थांबू" असं जो म्हणेल तो जिंकला. चर्चा नाही, चिडवाचिडवी नाही, हॉस्टेलवर येऊन त्याची मिमिक्रीही नाही. हे निघण्यापूर्वी ठरवायचं, कारण नंतर ठरवायला डोकं जागेवर नसतं.

२. हळू चालणारा पुढे, दमदार मागे. मागच्याला पुढच्याची चाल दिसते. पाय अडखळतोय, गडी गप्प झालाय, विनाकारण चिडतोय, या सगळ्याची नोंद घ्यायची.

३. अर्ध्या तासाने वायवा. प्रश्न सोपा, उत्तर ठरलेलं. पाढा, नियम, आजचा वार, काहीही. "मला काही झालेलं नाही" हे उत्तर धरायचं नाही. ते लक्षण आहे.

४. पार्टनरला "पाणी प्यायलास का?" विचारू नका. त्याची बाटली बघा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागण्याची वाट न बघता.

५. अकरा ते चार चालायचं नाही. पहाटे चढा, दुपार वर सावलीत काढा किंवा वरच मुक्काम करा, उतरायचं ते साडेचारनंतर.

६. घरी परतीची वेळ सांगून निघा. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

७. पार्टनर असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. सावली, ओलं कापड, वारा, जितकं पाणी आहे तितकं अंगावर. आधी गार करा आणि त्याच वेळी १०८ ला फोन. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

सात पायऱ्या, सात नियम. ठरवून केलेले नाहीत, मोजले तेव्हा सात निघाले!

नंतर एक गोष्ट लक्षात आली. सातपुड्यातल्या तिथल्या दोन प्रसिद्ध यात्रा, तोरणमाळची महाशिवरात्रीला आणि अस्तंब्याच्या डोंगराची दिवाळीत. दोन्ही उन्हाच्या तडाख्याबाहेरच्या. भर मेमध्ये भरदुपारी डोंगर उतरायला निघणारे आम्ही दोघंच इंजिनिअर.

तरीसुद्धा जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पहाटेच्या त्या वाऱ्यासाठी, तोरणांसाठी आणि सातव्या पायरीवरून मागे वळून बघण्यासाठी नक्की जा. फक्त एकटे जाऊ नका. जो तुमच्याशी भांडून तुम्हाला आंब्याखाली बसवेल, असा पार्टनर सोबत घ्या. आणि कुणाच्या घरून निघताना त्यांनी सॅकमध्ये पुडी ठेवली तर हसू नका. खरंच, वजन काय तिचं?